मेणबत्तीच्या डबीवरचे मराठी लेबल: मजकूर, मांडणी आणि छपाई

दिवाळीपूर्वीच्या प्रदर्शनांसाठी किंवा डिसेंबरात पुण्यात सिंचननगरच्या मैदानावर भरणाऱ्या भीमथडी जत्रेसाठी घरी सुगंधी मेणबत्त्या करणाऱ्यांनी लेबलाचे काम शेवटच्या आठवड्यावर ठेवू नये. त्या सुमारास नारायण पेठ, सदाशिव पेठ आणि अप्पा बळवंत चौकाच्या परिसरातील छापखान्यांत दिवाळी अंक, दिनदर्शिका आणि लग्नपत्रिका यांची गर्दी असते, आणि लहान कामाला नमुना छापून पाहण्याइतका वेळ मिळणे अवघड होते.

रंग आणि नक्षी निवडण्याआधी मजकूर पूर्ण लिहून काढावा. सीलबंद विकल्या जाणाऱ्या वस्तूंना २०११चे वैधमापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम लागू होतात. त्यानुसार वस्तूचे नाव, उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी दूरध्वनी व ई-मेल या नोंदी साधारणपणे द्याव्या लागतात. या नोंदी इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत असाव्यात, असे नियम सांगतो. मराठी त्यांच्या जोडीला देता येते. म्हणून पुढच्या दर्शनी भागावर उत्पादनाचे नाव आणि सुगंधाचे वर्णन मराठीत ठळकपणे द्यावे आणि मागच्या बाजूला बंधनकारक नोंदी स्वच्छ, वाचनीय अक्षरांत द्याव्यात, ही विभागणी मला सर्वांत योग्य वाटते. मेणबत्तीच्या बाबतीत वात सुमारे ६ मिमी ठेवून छाटावी, जळती मेणबत्ती एकटी सोडू नये आणि पडदे व लहान मुले यांच्यापासून ती दूर ठेवावी, ही सूचनाही तितकीच आवश्यक आहे. साबणासारख्या अंगाला लावायच्या वस्तू सौंदर्यप्रसाधनांत मोडतात आणि त्यांच्यासाठी परवान्याचे वेगळे नियम आहेत. त्यांचे लेबल मेणबत्तीच्या लेबलावरून जसेच्या तसे उतरवू नये.

यानंतर डबीचे माप घ्यावे. गोल डबीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून खूण करणे ही पद्धत सर्वांत भरवशाची आहे. ७ सेंमी व्यासाच्या डबीचा परीघ जवळपास २२ सेंमी भरतो, तेव्हा पूर्ण वेढा देणारे लेबल टोकांच्या जोडासाठी काही मिलिमीटर लांब ठेवावे किंवा मागे सरळ फट राहील इतके आखूड करावे. तळाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या काचेच्या ग्लासवर सरळ पट्टी तिरपी चढते; अशा ग्लाससाठी कमानीच्या आकाराचे किंवा केवळ दर्शनी भागापुरते लहान लेबल करावे.

देवनागरी अक्षरांची मांडणी हा या कामातील सर्वांत नाजूक भाग आहे आणि तिथे घाई अजिबात करू नये. रोमन अक्षरांसाठी बेतलेल्या तयार साच्यात मराठी मजकूर भरला, की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. त्यामुळे ओळींमधील अंतर वाढवावेच लागते. मुक्ता, बालू किंवा तिरो देवनागरी मराठी हे मोफत उपलब्ध असलेले फॉन्ट लेबलासाठी चांगले आहेत, मात्र निवडलेल्या फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात का, हे पाहावे. आपल्या वाचकाचा डोळा त्या वळणाला सरावलेला असतो आणि घरच्या वस्तूवर ते असणे मला अगत्याचे वाटते.

पुण्यातील अनेक छापखान्यांत अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टवर काम चालते. युनिकोडमधला, म्हणजे मोबाइल-संगणकावर आपण नेहमी टाइप करतो तो मजकूर तिथे नुसता चिकटवला, तर पहिली वेलांटी जागा सोडते, जोडाक्षरे फुटतात आणि ‘दुसऱ्या’मधला अर्धा ‘र’ विस्कटतो. म्हणून आपली रचना पूर्ण झाल्यावर सर्व अक्षरे कर्व्ह करून, म्हणजे त्यांचे चित्राकृतीत रूपांतर करून, पीडीएफ द्यावी, आणि मूळ फाइल स्वतःकडे वेगळी जपून ठेवावी, कारण कर्व्ह केलेल्या मजकुरात पुढे एक कानाही बदलता येत नाही. रंग सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत), चित्रे ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) आणि कापणीसाठी चहूबाजूंनी २ ते ३ मिमी जादा पार्श्वभूमी, एवढे पाळले की छापखान्याकडून फाइल परत येत नाही.

पंचवीस-तीस डब्यांसाठी घरच्या प्रिंटरवर ए-४ स्टिकर कागद पुरेसा असतो. इंकजेटची साधी शाई ओल्या हाताने पसरते, लेझरची छपाई टिकते. तथापि लेझरमध्ये केवळ त्यासाठीच बनवलेला स्टिकर कागद घालावा, अन्यथा उष्णतेने तो आत चिकटण्याचा धोका असतो. नग जास्त असल्यास १२ बाय १८ इंची शीटवर डिजिटल छपाई करून हाफ कट, म्हणजे मागचा कागद न कापता केवळ स्टिकर कापणे, मागावा. झाकणावरची ५० मिमी व्यासाची गोल लेबले प्रत्येक बाजूला २ मिमी जादा धरूनही अशा एका शीटवर ४० बसतात. मेण आणि सुगंधी तेल यांचा हात लागणार असल्यामुळे व्हिनाइल (प्लास्टिकचा स्टिकर) आणि मॅट लॅमिनेशन (वरचे बिनचमकीचे पारदर्शक आवरण) हा खर्च मी टाळणार नाही. ऑफसेट छपाई हजारोंच्या संख्येतच परवडते.

महिना-वर्ष प्रत्येक खेपेला बदलते, म्हणून ती नोंद मुख्य लेबलावर छापू नये. जागा कोरी सोडून शिक्का मारावा, तर लॅमिनेशनवर रबरी शिक्क्याची शाई वाळत नाही, त्यामुळे ही नोंद तळाशी लावायच्या साध्या कागदाच्या छोट्या स्टिकरवर घ्यावी. शीट छापायला देण्याआधी लेबल साध्या कागदावर शंभर टक्के मापात काढून डबीवर गुंडाळावे, हातभर अंतरावरून वाचावे आणि शुद्धलेखन दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावे. चिकटवताना मेण ओतून डबी पूर्ण थंड झालेली असावी आणि तिचा पृष्ठभाग स्पिरिटने पुसलेला असावा. लेबल मध्यापासून दोन्ही कडांकडे दाबत नेले म्हणजे आत हवेचे फुगे राहत नाहीत.