ऑटिझम असलेल्या मुलासाठी घरी रोबॉट बनवताय? या चुका टाळा

माझा भाचा ७ वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, बोलतो मोजकंच. त्याच्यासाठी टेबलावर बसणारा एक छोटा रोबॉट बनवला, मान वळवतो, डोळ्यांचे लाईट लागतात, ताईच्या आवाजात चार वाक्यं बोलतो, बास. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत सगळे पार्ट मिळाले, पण तीनदा पूर्ण उघडून परत जोडावा लागला म्हणून लिहितोय.

सगळ्यात आधी आवाज. मान वळवायला सर्व्हो म्हणजे छोटी मोटर लागते. त्यातली एसजी९० स्वस्त आणि हलकी, सगळे तीच घेतात, पण तिचे प्लास्टिकचे गिअर करकरतात आणि मान स्थिर असतानाही ती बारीक घूं घूं करत राहते. आपलं लक्षही जात नाही, भाचा मात्र कानावर हात ठेवून खोलीबाहेर गेला आणि आम्ही दोन दिवस समजत होतो की त्याला डोळ्यांचे लाईट आवडले नाहीत. मान एकदम ९० अंश फिरवू नका, एकेक अंशाने न्या, जागेवर आली की कोडमध्ये सर्व्हो डिटॅच करा, म्हणजे तिला सिग्नल देणं थांबवा (मान हलकी असेल तर तिथेच राहते), खाली फोमचा तुकडा लावा. स्पीकर सुरू होताना 'टप्' होतं तेही घालवा, रोबॉट चालवणारा बोर्ड (माझा ईएसपी३२) पूर्ण चालू होईपर्यंत अ‍ॅम्प्लिफायर म्यूट ठेवायचा.

दुसरं, मान वळली की रोबॉट मध्येच बंद पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून बोलायला लागतो. मी आठवडाभर कोड तपासत बसलो, चूक वायरिंगमध्ये होती. सर्व्होला बोर्डच्याच ५ व्होल्टच्या पिनवरून सप्लाय दिला होता, ती अडली की अर्ध्या अँपिअरपेक्षा जास्त करंट ओढते, व्होल्टेज पडतं आणि ईएसपी३२ रीस्टार्ट होतो. सर्व्होला वेगळा सप्लाय द्या, दोन्हीचं ग्राउंड (निगेटिव्ह वायर) एकत्र जोडा, हे राहिलं तर सर्व्हो थरथरते, आणि सर्व्होजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. ज्या मुलाला पुढचं वाक्य कोणतं येणार हे पाठ असतं त्याच्यासाठी असा रीस्टार्ट फार मोठी गोष्ट आहे, भाचा त्यानंतर तीन दिवस रोबॉटजवळ आला नाही.

याच कारणासाठी सगळं वायफायवर टाकू नका. मॉक्सी नावाचा मुलांचा रोबॉट ७९९ डॉलरला विकला गेला होता, डोकं सगळं क्लाउडवर, २०२४ च्या डिसेंबरमध्ये कंपनी बंद होत असल्याचं जाहीर झालं आणि आपला मित्र आता बोलणार नाही हे मुलांना समजावायची वेळ आईबाबांवर आली. आवाज मेमरी कार्डवर ठेवा. लहान मुलांचं मराठी बोलणं ओळखायला मशीनला नीट जमेलच असं नाही, त्यात अडकू नका, चित्र चिकटवलेली मोठी बटणं पुरतात.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती चूक, रोबॉटला 'माझ्या डोळ्यात बघ' असं म्हणायला लावणं. प्लीज नका करू. नजर मिळवणं त्रासदायक होतं हे ऑटिझम असलेली कितीतरी मोठी माणसं स्वतः सांगतात. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर विद्यापीठातल्या कास्पर रोबॉटचा चेहरा मुद्दाम साधा ठेवलाय, बघण्यासारखं कमी म्हणजे गोंधळ कमी. आणि मुलाला एकट्याला रोबॉटसमोर बसवू नका. येल विद्यापीठाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२ मुलांच्या घरी महिनाभर रोज अर्धा तास रोबॉट होता आणि खेळात घरातलं मोठं माणूसही सोबत असायचं. आमचा रोबॉट वाक्य झालं की मान ताईकडे वळवतो, मग भाचाही कधी कधी तिकडे बघतो, कधी नाही बघत, दोन्ही चालतं.

बॅटरीच्या झाकणाला स्क्रू पाहिजेच, नुसतं खटक्याचं झाकण नको. आणि एक मोठं बंद करायचं बटण मुलाच्या हाताशी ठेवा. पहिल्या दिवशी भाच्याने ते परत परत दाबलं, रोबॉट दर वेळी गप्प झाला, आणि मग तो स्वतःच खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसला.