जुन्या गाडीचा आवाज नेमका कुठून येतोय?

दीड लाख किलोमीटर धावलेली, इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना देणारी गाडी असेल तर गॅरेजआधी मोकळ्या मैदानात न्या. काचा खाली, गाणी बंद. स्टिअरिंग पूर्ण वळवून हलका ॲक्सिलरेटर देत गोल फिरवा, मग उलट्या बाजूने. वेगाबरोबर वाढणारी 'कट-कट' ऐकू आली तर एक्सलचा, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा, चाकाकडचा सीव्ही जॉइंट (चाक वळलेलं असतानाही जोर पोचवणारा सांधा) झिजलाय, बहुधा वळणाच्या बाहेरच्या बाजूचा. चाकामागे वाकून त्याचा रबरी बूट, म्हणजे सांध्यावरचं आवरण, बघा. तो फाटला की ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडतं आणि जॉइंटमध्ये चिखल-पाणी शिरतं. आवाज सुरू होण्याआधी हे सापडलं तर बहुतेकदा नुसता बूट आणि ग्रीस बदलून भागतं, म्हणून पावसाळ्यापूर्वी बघाच.

पिकअप घेताना गाडी थरथरते, पाय काढला की थांबते? त्याच एक्सलच्या गिअरबॉक्सकडच्या सीव्ही जॉइंटवर संशय घ्या.

एकसुरी घूं-घूं वेगळी. डावीकडे वळताना ती वाढली तर बहुधा उजव्या चाकाचं बेअरिंग, कारण भार तिकडे जातो. पण वेडेवाकडे झिजलेले टायरही असेच ओरडतात. आधी पुढचे-मागचे अदलून पाहा, फुकटात उत्तर मिळतं.

चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज चढतो, वेग मात्र वाढत नाही? इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला देणारी क्लच प्लेट घसरतेय.