हॉपच्या वेलीवरच्या अळ्या: या चुका टाळा

हॉप म्हणजे बिअरमध्ये वापरतात ती वेल. तिच्या पानांना भोकं दिसली की बहुतेकांचा हात थेट फवारणीच्या पंपाकडे जातो. तिथेच गाडी घसरते. पाच-सहा मीटर चढलेल्या, मुळं नीट धरलेल्या वेलीला थोडी पानं चाळणी झाल्याने काहीही होत नाही. घाईने मारलेल्या चुकीच्या औषधाने मात्र अख्खा हंगाम जातो. अपवाद पहिल्या वर्षाच्या रोपाचा. त्याच्याकडे पानंच मोजकी असतात आणि मुळांत साठाही नसतो, म्हणून तिथे प्रत्येक अळी वेचायची.

अळी न बघताच औषध ठरवणं

भोक कोणी पाडलं हे आधी ठरवा. भुंगेरे दिवसाढवळ्या वरच्या पानांवर बसून खातात. गोगलगायी जमिनीलगतची पानं कुरतडतात आणि चकचकीत ओघळ मागे सोडतात. अळ्या असतील तर खालच्या पानांवर हिरवट-काळ्या बारीक लेंड्या पडलेल्या सापडतात. लेंड्या ताज्या, ओलसर असतील तर अळी बरोब्बर वरच्याच पानांत आहे.

दुपारी वेलीखाली उभं राहून "एकही अळी नाही" म्हणणारे खूप भेटतात. उंटअळी रात्री खाते. दिवसा ती पानाच्या खालच्या बाजूला मधल्या शिरेला चिकटून निपचित पडते. रंग पानाचाच, अंगावर लांबीत पांढऱ्या बारीक रेघा. नजर शिरेवरून सरकते, पण ती दिसत नाही. बोट लावलं की मात्र अंग झटकून तडफडते आणि खाली पडते. तिच्या या सवयीचाच फायदा घ्या. वेलीखाली पांढरं कापड अंथरा आणि ज्या दोरावर वेल चढली आहे तो जोरात हलवा. कापडावर काय पडतं ते मोजा. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन पानांची खालची बाजू पाहिली तर आणखी उत्तम.

मग पाय बघा. उंटअळीच्या पोटाच्या मधल्या भागात पायांच्या तीनच जोड्या असतात, म्हणून चालताना तिची पाठ कमानीसारखी वर येते. लष्करी अळीला तिथे चार जोड्या असतात आणि ती सरळ सरपटते. फरक महत्त्वाचा आहे. उंटअळी मुख्यतः पानं खाते. लष्करी अळी शंकूंवर, म्हणजे ज्यांच्यासाठी हॉप लावतात त्या शंकूसारख्या फुलांवर तुटून पडते, त्यांचे देठही कुरतडते. पानांवरच्या दहा उंटअळ्यांपेक्षा शंकूंतल्या दोन लष्करी अळ्यांची काळजी जास्त करावी.

बीटी चुकीच्या वेळी, चुकीच्या जागी मारणं

ही चूक इतक्यांदा दिसते की तिच्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू. अळ्यांसाठी त्यातला कुर्स्टाकी प्रकार लागतो. डासांच्या अळ्यांसाठी विकला जाणारा इस्रायलेन्सिस इथे निरुपयोगी, तेव्हा लेबल वाचूनच घ्या. बीटी अंगावर पडून अळी मरत नाही. ती पोटात जावी लागते. अळीच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात त्यातले प्रथिनांचे स्फटिक विरघळतात आणि आतड्याच्या भिंतीला भोकं पाडतात. अळी काही तासांत खाणं थांबवते, मरायला दोन ते पाच दिवस घेते. सगळे नियम यातूनच निघतात.

फवारा पानाच्या खालच्या बाजूला बसला पाहिजे, कारण अळी तिथे आहे. नोझल वर तोंड करून खालून वर मारा. उंच वेलीसाठी लांब दांडी घ्याच. शिडीवर चढून एका हाताने पंप सांभाळण्याचा उद्योग करू नका. द्रावण पानाला चिकटून राहावं म्हणून त्यात स्टिकर (फवारणीत मिसळायचा चिकट द्रव) घाला, नाहीतर हॉपच्या खरखरीत पानावरून थेंब ओघळून जातात. पूर्ण वाढलेली वेल नीट भिजायला दोन लिटरच्या आसपास द्रावण लागतं. अर्ध्या लिटरमध्ये उरकणाऱ्यांनी फवारलंच नाही असं धरा.

वेळ संध्याकाळची. उन्हातल्या अतिनील किरणांनी बीटी दोन-चार दिवसांत निकामी होतं, पावसाने धुऊन जातं आणि अळी तर रात्री खाते. दुपारी मारलेल्या औषधाचा जोर ती जेवायला येण्याआधीच कमी होऊ लागतो. प्रमाण डब्यावरचंच पाळा. पाणी फार अल्कधर्मी असेल तर द्रावण शिळं ठेवू नका. तसंही कालवलेलं द्रावण त्याच संध्याकाळी संपवायचं असतं.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे अळीचं वय. सेंटीमीटरभराच्या आतली अळी बीटीने सहज मरते. बोटाच्या दोन पेरांएवढी झालेली अळी खूप वेळा तगून जाते, कारण तिला मारायला मात्रा जास्त लागते आणि तिचं खाणं तसंही संपत आलेलं असतं. ती कोषात जाणारच असते. म्हणून पहिल्या बारीक भोकांनाच मारा आणि पाच ते सात दिवसांनी पुन्हा एकदा मारा, म्हणजे मागाहून अंड्यांतून निघालेल्या सापडतात. मोठ्या अळ्या हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. हे काम कंटाळवाणं आहे, पण घरच्या चार-पाच वेलींसाठी याहून खात्रीचा उपाय नाही. लष्करी अळीवर बीटीचा जोर मुळातच कमी पडतो, तेव्हा तिथे वेचणंच धरा.

औषध मारल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी अळ्या "अजून जिवंत" दिसल्या म्हणून जहाल औषध आणायला धावू नका. जिवंत आहेत, पण खातायत का? नवीन लेंड्या पडतायत का? तेवढंच बघा.

एकदाच जोरदार मारून विषय संपवायचा

पायरेथ्रॉइड गटातलं, सगळ्याच कीटकांना मारणारं जहाल औषध घेतलं की पुढचा क्रम ठरलेला असतो. दुसऱ्याच दिवशी अळ्या खाली पडलेल्या आणि माणूस खूश. पण त्याच फवाऱ्यात ढालकिडे, भक्षक कोळी, परजीवी माश्या आणि गांधीलमाश्याही गेलेल्या असतात. दोन-तीन आठवड्यांत हवा गरम आणि कोरडी झाली की खालची पानं फिकट ठिपक्यांनी भरतात, मग पितळी होतात. पान उलटून पाहिलं तर बारीक जाळी आणि त्यात हलणारे ठिपके. हा लाल कोळी. त्याला खाणारं कोणी उरलेलं नसतं आणि उष्णतेत त्याची पिढी आठवड्या-दीड आठवड्यात पूर्ण होते. घाबरून आणखी एक फवारा मारला जातो. तोवर कोळी शंकूंत शिरलेला असतो आणि शंकू तांबूस, ठिसूळ झालेले असतात. तोडणीला हाती येतो तो चुरा. अळ्यांनी वेलीची पाचव्या हिश्श्याची पानं खाल्ली असती, तरी पीक यापेक्षा चांगलं आलं असतं.

स्पिनोसॅड हे कीटकनाशक अळ्यांवर चांगलं चालतं, लष्करी अळीवरही. पण ओलं असताना ते मधमाश्यांना घातक असतं. हॉपचं परागीभवन वाऱ्याने होत असलं तरी वेलीखाली फुलणाऱ्या तणांवर मधमाश्या येतातच. मारायचंच तर मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळी उशिरा.

आणखी काही

शंकू धरू लागल्यावर कडुनिंबाचं किंवा कुठलंही तेल मारू नका. वास शंकूंत बसतो आणि जात नाही. कडक उन्हात तेलाने पानंही भाजतात.

अळीच्या शेजारी तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे कोष दिसले तर ते अळीची पिल्लं नव्हेत. ती परजीवी गांधीलमाशीची पुढची पिढी आहे. तशी अळी वेलीवरच राहू द्या.

केसाळ अळीला उघड्या हाताने धरू नका, काहींच्या केसांनी पुरळ उठतं. काटेरी अळ्या पान दुमडून आत बसल्या असतील तर बहुतेकदा त्या फुलपाखरांच्या असतात. दोन-चार असतील तर सोडून द्या, वेलीचं काही बिघडत नाही.

वेल वर पोचली की जमिनीपासून साठ ते नव्वद सेंटीमीटरपर्यंतची पानं काढून टाका. हवा खेळते, कोळ्याचा पहिला अड्डा जातो आणि लेंड्याही पटकन दिसतात.

आणि वसंतात कोवळ्या कोंबाचं टोक अचानक माना टाकत असेल तर पाणी वाढवू नका, फवारूही नका. तो खोडकिडा आहे. आत शिरलेल्या अळीपर्यंत कुठलाच फवारा पोचत नाही. कोंबावर भोक शोधा, त्याच्या खालून कोंब कापा, उभा चिरा आणि अळी सापडेपर्यंत चिरत जा. ती सापडली नाही तर खाली बुंध्याकडे उतरली आहे असं समजा आणि माती बाजूला करून शोधा. या अळीचा पतंग उन्हाळ्याच्या शेवटी हॉपवर नव्हे, आजूबाजूच्या गवतावर अंडी घालतो. वसंतात अळ्या आधी गवतात शिरतात आणि मग हॉपच्या कोंबात येतात. म्हणून बुंध्याभोवतालचं गवत तोडणीच्या आधीच, मुळासकट काढून टाका.