मॅन्युअल चार्जरने बॅटरी चार्ज करताय? या चुका टाळा

मे महिन्यात माणसं गावी जातात. महिन्याने येऊन गाडीला सेल्फ मारला की नुसतं टक् टक् होतं. मग माझ्या बॅटरीच्या दुकानात फोन येतो, "काका, घरी चार्जर होता, लावून बघितला, पण..." या 'पण'च्या पुढचं मला तोंडपाठ आहे.

मी बोलतोय तो साधा चार्जर: आत ट्रान्सफॉर्मर, वर काटा, बाजूला अ‍ॅम्पियरचं बटण. बॅटरी भरली की हा आपणहून थांबत नाही.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे चार्जर चालू ठेवून चिमटे लावणं किंवा काढणं. चार्जिंगच्या शेवटी शेवटी पाणी फुटून हायड्रोजन निघतो. हवेत तो 4 टक्के असला तरी पेटतो, आणि चालू करंटमध्ये चिमटा उचलला की ठिणगी ही पडणारच. हे मला कुणी शिकवलं नाही. माझ्याच हातून झालंय. दिवसभर चार्जिंगला लावलेली बॅटरी, समोर घाई करणारं गिऱ्हाईक, "झालं का, झालं का". मी बोर्डाचं बटण बंद न करता चिमटा ओढला. सुतळी बॉम्बसारखा आवाज झाला, वरचं झाकण फुटलं, एक बूच छताला लागलं आणि अ‍ॅसिड छातीवर आलं. चष्मा होता म्हणून डोळे वाचले. शेजारच्या चहावाल्याच्या पिंपातलं पाणी मी अंगावर ओतत राहिलो. शर्ट संध्याकाळपर्यंत धडधाकट दिसत होता. दुसऱ्या दिवशी बायकोने धुतला, तर दोरीवर शर्टाऐवजी चाळण वाळत होती.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी गाडीची निगेटिव्ह केबल सोडायची, नंतर पॉझिटिव्ह. उलटं केलंत आणि पॉझिटिव्ह सोडताना पाना बॉडीला लागला, तर थेट शॉर्ट. मग चार्जरचा लाल चिमटा पॉझिटिव्हला, काळा निगेटिव्हला, आणि सगळ्यात शेवटी बोर्डाचं बटण. काढताना पहिल्यांदा बटण बंद, दहा मिनिटं चहा, मग चिमटे. चहा ऐच्छिक नाही, तेवढ्यात गॅस निघून जातो. केबल सोडायचा कंटाळा करू नका, कारण असल्या चार्जरचा व्होल्टेज 15-16 पर्यंत चढतो आणि नव्या गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सला ते मानवत नाही.

दुसरी चूक घाईची. बॅटरीवर लिहिलेल्या एएचचा (अ‍ॅम्पियर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते तो आकडा) दहावा भाग अ‍ॅम्पियर, हे माझं गणित. 35 एएचला साडेतीन. अर्धी उतरलेली असेल तर साधारण सहा तास, पूर्ण बसलेली असेल तर दहा-बारा. पण 'फास्ट'चं बटण दिसलं की लोकांना राहवत नाही. दोन तास 10-15 अ‍ॅम्पियर मारतात, बॅटरी तापते, प्लेटा वाकतात, आणि मग "कंपनीच डुप्लिकेट" म्हणून माझ्याशी भांडतात. याउलट काहीजण रात्री लावून झोपतात. सकाळी घरभर आंबूस वास आणि सेलमधलं, म्हणजे बॅटरीच्या कप्प्यांतलं, पाणी प्लेटांच्या खाली. मी दर तासाला बॅटरीच्या अंगाला हात लावतो. कोमट चालेल, चटका बसला की बंद. बुचांची बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (अ‍ॅसिडची घनता मोजायची नळी) घालतो, आणि तासातासाने घेतलेली तीन रीडिंगं तीच आली की भरली समजतो. एकाच सेलचं रीडिंग बाकीच्यांपेक्षा 50 पॉइंटने (म्हणजे 0.050 ने) खाली असेल, तर तो सेल गेला. चार्जरला दोष देऊ नका.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. डिस्टिल्ड वॉटर आधी फक्त प्लेटा बुडतील इतकंच घाला, खुणेपर्यंत चार्जिंगनंतर. आधीच काठोकाठ भरलं की फसफसून बाहेर येतं. अ‍ॅसिड ओतू नका, कितीही शहाण्याने सांगितलं तरी. चार्जरवर 6 आणि 12 व्होल्टचं बटण असेल तर लावण्याआधी बघा. टर्मिनलवरची पांढरी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने काढा, नाहीतर चिमटा लागतो पण करंट जात नाही. बंद खोलीत, देवघराच्या समईशेजारी तर अजिबात नको (हसू नका, पाहिलंय). स्टार्ट-स्टॉपवाल्या (सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या) गाडीची एजीएम बॅटरी, म्हणजे अ‍ॅसिड काचेच्या जाळीत शोषलेली सीलबंद बॅटरी, या चार्जरला लावूच नका. डोळ्यात अ‍ॅसिड गेलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरा आणि सरळ डॉक्टर गाठा, चोळू नका.

चार्जर काढल्याकाढल्या मीटर लावून "13 दाखवतोय!" म्हणून नाचू नका. तो वरवरचा फुगवटा असतो. रात्रभर राहू द्या, केबल न जोडता. सकाळी 12.6 व्होल्ट असेल तर गाडीत बसवा. 12.2 वर आली असेल तर चार्जर गुंडाळून ठेवा आणि बॅटरीच घेऊन या. जुनी दिलीत की नवीत थोडे पैसे वळते करून देतो.