ट्यूनर कार्ड दिसतंय पण चॅनल लागत नाही? ड्रायव्हर पुन्हा टाकण्याआधी या चुका टाळा

होम मीडिया सर्व्हरवर टीव्हीचे सिग्नल पकडणारा ट्यूनर बसवला आणि चॅनल लागलं नाही, की पहिला आळ ड्रायव्हरवर येतो. मग तो काढून पुन्हा टाकणं, कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलणं, कुठल्या तरी जुन्या सूचनांतल्या दहा कमांड डोळे मिटून चिकटवणं सुरू होतं. मूळ बिघाड राहतो बाजूला आणि त्यावर नवे दोन चढतात. खरं तर ट्यूनरची एक साखळी असते: यूएसबी किंवा पीसीआय एक्स्प्रेसचा पोर्ट, ब्रिज चिप (ट्यूनर आणि संगणक यांना जोडणारी), डीमॉड्युलेटर (सिग्नलमधून डेटा काढणारी चिप), फर्मवेअर, डिव्हाइस फाइल, परवानगी, टीव्हीचं सॉफ्टवेअर आणि शेवटी अँटेनाची केबल. ड्रायव्हर या साखळीतल्या दोन-तीन कड्यांपुरताच. कोणती कडी तुटली ते कळेपर्यंत काहीही बदलू नका. पुढचं सगळं लिनक्स सर्व्हर धरून लिहिलं आहे.

खोक्यावरचं नाव बघून ड्रायव्हर शोधणं

ट्यूनर बनवणाऱ्या कंपन्या तेच नाव ठेवून आतली चिप बदलतात. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन स्टिकना दोन वेगळे ड्रायव्हर लागू शकतात. म्हणून नाव विसरा, आयडी बघा. यूएसबी ट्यूनरसाठी 'एलएसयूएसबी' आणि कार्डासाठी 'एलएसपीसीआय -एनएन' ही कमांड द्या. विसर्गचिन्हाने जोडलेले चार-चार अंक-अक्षरांचे दोन गट दिसतील. कर्नल फक्त तेच ओळखतो. उदाहरणार्थ, हॉपॉजच्या विनटीव्ही ड्युअल एचडी या स्टिकची एक आवृत्ती २०४०:०२६५ या आयडीने दिसते. तिच्या आत ईएम२८एक्सएक्स कुळातली ब्रिज चिप, एसआय२१६८ डीमॉड्युलेटर आणि एसआय२१५७ ट्यूनर आहे. म्हणजे एका स्टिकसाठी किमान तीन मॉड्यूल (ड्रायव्हरचे तुकडे) लोड व्हावी लागतात. लोड झालेल्या मॉड्यूलांची यादी देणाऱ्या 'एलएसमॉड' मध्ये ब्रिजचं मॉड्यूल दिसलं म्हणून ड्रायव्हर बसला असं धरून चालू नका, तिन्ही शोधा.

आयडी यादीत नसेलच तर तो प्रश्न ड्रायव्हरचा नाही. कार्ड स्लॉटमध्ये नीट बसलं नसेल किंवा यूएसबीला वीज पुरत नसेल. कर्नलच्या लॉगमध्ये ('डीमेसेज' कमांडने दिसणाऱ्या) 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड' या शब्दांपुढे 'एरर -७१' दिसली तर आधी एक्स्टेन्शन केबल काढून टाका. दोन ट्यूनरची स्टिक बरीच वीज ओढते. रास्पबेरी पाय ४ वर चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच मिळतात, आणि त्यातच पोर्टेबल हार्ड डिस्क लावलेली असली तर ट्यूनर अधूनमधून गायब होणारच. स्वतंत्र अॅडॅप्टर असलेला हब लावा.

जुन्या पीसीआय कार्डांची एक वेगळी भानगड आहे. एसएए७१३४ किंवा सीएक्स८८ चिपची काही कार्डं स्वतःची ओळख सांगत नाहीत आणि लॉगमध्ये 'अननोन' किंवा 'जेनेरिक' असा शेरा येतो. तिथे मॉड्यूलला 'कार्ड=' असा क्रमांक हाताने द्यावा लागतो. तो कर्नलच्या दस्तऐवजातल्या कार्डांच्या यादीतून घ्या. दुसऱ्या कुणाचा चालला म्हणून तोच उचलू नका, कारण त्या क्रमांकावरून कार्डावरच्या पिनांची जोडणी ठरते.

फर्मवेअर आणि ड्रायव्हर एकच समजणं

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. ड्रायव्हर कर्नलमध्ये असतो, फर्मवेअर ही चिपच्या आत भरायची वेगळी फाइल असते. कर्नल ती 'लिब/फर्मवेअर' या फोल्डरमधून उचलतो. चिप बनवणाऱ्यांनी परवानगी न दिल्यामुळे सगळीच फर्मवेअर डिस्ट्रिब्यूशनच्या पॅकेजमध्ये येत नाहीत. डेबियनमध्ये २०२३ साली आलेल्या १२व्या आवृत्तीपासून वाटायला परवानगी असलेल्या पण मुक्त नसलेल्या फर्मवेअरसाठी 'नॉन-फ्री-फर्मवेअर' असा स्वतंत्र विभाग आहे. तो रिपॉझिटरीच्या यादीत नसेल तर पॅकेज सापडणारच नाही.

फसवणूक अशी होते. वर सांगितलेल्या एसआय२१६८ चिपचा ड्रायव्हर स्टिक लावताक्षणी फर्मवेअर भरत नाही. पहिल्यांदा कुणीतरी चॅनल लावायला जातं, तेव्हा भरतो. त्यामुळे बूट झाल्यावर लॉग स्वच्छ, 'डेव्ह/डीव्हीबी/अॅडॅप्टर०' च्या आत फ्रंटएंड०, डीमक्स०, डीव्हीआर० या ट्यूनरच्या डिव्हाइस फाइली सगळ्या जागच्या जागी. माणूस निर्धास्त होतो, स्कॅन लावतो आणि हाती शून्य चॅनल येतात. मग अँटेना फिरवत बसतो. स्कॅन लावल्यानंतर पुन्हा 'डीमेसेज' बघितलं असतं तर ही ओळ दिसली असती: 'डायरेक्ट फर्मवेअर लोड', पुढे फाइलचं नाव, आणि शेवटी 'फेल्ड विथ एरर -२'. उणे दोनचा अर्थ एवढाच की त्या नावाची फाइल सापडली नाही. फाइल अक्षरशः त्याच नावाने हवी. आवृत्तीचे अक्षर-अंक, मधल्या आडव्या रेघा, शेवटचे 'एफडब्ल्यू', यातलं काहीही चुकलं तरी तीच एरर येते. ए२० चिपची फाइल बी४० नावाने ठेवण्याचा जुगाड करू नका. फाइल सापडेल, पण चिप ती घेणार नाही.

लॉगमधले इतर आकडेही ओळखीचे करून ठेवावेत. उणे ११० म्हणजे चिपकडून वेळेत उत्तर आलं नाही. उणे १६ म्हणजे दुसरं कुणीतरी ते वापरतंय. उणे २८ यूएसबीच्या संदर्भात आलं तर डिस्क भरली असं समजू नका, त्या यूएसबी बसवर (सामायिक वाहिनीवर) जागा उरलेली नाही. एकाच कंट्रोलरवर दोन-तीन ट्यूनर आणि वेबकॅम असेल तर हे होतं. एक ट्यूनर दुसऱ्या कंट्रोलरच्या पोर्टवर हलवा.

रीबूट केलं म्हणजे सगळं नव्याने सुरू झालं असं मानणं

फर्मवेअर बदललं, रीबूट केलं, फरक नाही. कारण रीबूटमध्ये यूएसबीची वीज तुटत नाही आणि चिपमध्ये जुनंच फर्मवेअर बसून राहतं. काही ट्यूनर 'कोल्ड' आणि 'वॉर्म' अशा दोन अवस्था दाखवतात. कोल्डमध्ये फर्मवेअर नसतं, वॉर्ममध्ये असतं, आणि फर्मवेअर भरल्यावर काहींचा आयडीसुद्धा बदलतो. वॉर्म राहिलेल्या स्टिकमध्ये नवी फाइल भरलीच जात नाही. मशीन बंद करा, पॉवर सप्लायच्या मागचं बटण बंद करा, ३० सेकंद थांबा, मग सुरू करा. नुसतं शटडाउन पुरत नाही, कारण स्टँडबायची वीज बऱ्याच मदरबोर्डांवर यूएसबीला चालूच असते.

गरज नसताना ड्रायव्हर कंपाइल करणं

इंटरनेटवरच्या पुष्कळ सूचना अशा काळातल्या आहेत, जेव्हा त्या ट्यूनरचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आलेला नव्हता. आज तो आत असताना बाहेरचा मीडिया ड्रायव्हरांचा संच कंपाइल करून वर टाकला, तर अर्धी मॉड्यूल जुनी आणि अर्धी नवी असा काला होतो. 'अननोन सिम्बॉल' किंवा 'डिसअॅग्रीज अबाउट व्हर्जन ऑफ सिम्बॉल' ही त्याची ओळख. त्यावर उपाय म्हणजे बाहेरून टाकलेली मॉड्यूल पुसून कर्नलचं पॅकेज पुन्हा बसवणं. आधी 'मॉडइन्फो' ला मॉड्यूलचं नाव देऊन ते कर्नलमध्ये आहे का ते बघा. मिळणाऱ्या आयडींच्या यादीत तुमचा ट्यूनर असेल तर कंपायलर उघडूच नका.

कंपाइल करणं अटळच असेल तर ते प्रत्येक नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप पुन्हा बनवणाऱ्या डीकेएमएसमधून करा आणि कर्नल हेडरचं पॅकेज ठेवा. नाहीतर पुढच्या कर्नल अपडेटनंतर ट्यूनर गायब झालेला असेल, आणि ते नेमकं रेकॉर्डिंगच्या वेळी लक्षात येईल. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल नाकारतो आणि 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' म्हणतो. तिथे मॉड्यूलवर सही करून तिची की 'मॉकयूटिल' ने नोंदवा किंवा सिक्युअर बूट बंद करा.

उबंटूवर आणखी एक खड्डा आहे. व्हर्च्युअल मशीनसाठीच्या हलक्या कर्नलसोबत टीव्हीची मॉड्यूल येत नाहीत, ती 'लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. डेबियनच्या 'क्लाउड' कर्नलचंही तेच. तिथे साधा कर्नल टाकणं सोपं.

ब्लॅकलिस्ट तपासायची राहून जाणं

आरटीएल२८३२यू चिपच्या स्वस्त स्टिक, बहुतेकींचा आयडी ०बीडीए:२८३८, रेडिओचे हौशी लोक एसडीआरसाठी (सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओसाठी) वापरतात. त्यासाठी टीव्हीचा ड्रायव्हर बाजूला ठेवावा लागतो. म्हणून आरटीएल-एसडीआरचं पॅकेज टाकलं की 'ईटीसी/मॉडप्रोब.डी' मध्ये त्या ड्रायव्हरला ब्लॅकलिस्ट करणारी फाइल येऊ शकते. सर्व्हरवर कधी विमानांचे सिग्नल पकडायचा प्रयोग झाला असेल तर टीव्ही न लागण्याचं कारण हेच असण्याची शक्यता दाट. त्या फोल्डरमध्ये 'ग्रेप' ने 'ब्लॅकलिस्ट' शोधा. सापडलेल्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह टाका, इनिशियल रॅमडिस्क (बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल) पुन्हा बनवा आणि रीबूट करा.

कंटेनरच्या आत ड्रायव्हर टाकणं

कंटेनरला (होस्ट मशीनवर सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात चालवण्याच्या सोयीला) स्वतःचा कर्नल नसतो. त्यामुळे ड्रायव्हर आणि फर्मवेअर दोन्ही होस्टवरच लागतात. कंटेनरच्या आतल्या 'लिब/फर्मवेअर' मध्ये टाकलेली फाइल कुणी बघतसुद्धा नाही. आत फक्त 'डेव्ह/डीव्हीबी' हे फोल्डर द्यायचं असतं. डॉकरमध्ये ते 'डिव्हाइस' पर्यायाने देता येतं. एलएक्ससी या दुसऱ्या कंटेनर पद्धतीत फोल्डर माउंट करून २१२ या मेजर क्रमांकाच्या कॅरेक्टर डिव्हाइसला परवानगी द्यावी लागते. कंटेनर आधी उठला आणि ट्यूनर नंतर जागा झाला, तर कंटेनर सुरूच होत नाही किंवा आतल्या फाइली शिळ्या राहतात. ट्यूनर काढून पुन्हा लावला तरी तेच, कंटेनर रीस्टार्ट करा.

पूर्ण व्हर्च्युअल मशीनला कार्ड द्यायचं तर बायोसमध्ये आयओएमएमयू (व्हर्च्युअल मशीनला हार्डवेअर थेट देऊ देणारी सोय) चालू हवं आणि होस्टने त्या कार्डावर स्वतःचा ड्रायव्हर बसवलेला नसावा. यूएसबी स्टिक एकटी पास करण्यापेक्षा अख्खा यूएसबी कंट्रोलर पास केलेला बरा. चित्र फुटण्याच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

टीव्हीच्या सॉफ्टवेअरमधूनच तपासणी करणं

टीव्हीहेडएंड या टीव्ही सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये अॅडॅप्टर दिसत नाही, म्हणजे ड्रायव्हर नाही, असं नाही. टीव्हीहेडएंड ज्या युझरने चालतं तो 'व्हिडिओ' ग्रुपमध्ये आहे का ते बघा, आणि ग्रुपमध्ये घातल्यावर सर्व्हिस रीस्टार्ट करा. 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' आलं तर 'फ्यूजर' कमांडने फ्रंटएंड कुणी धरलाय ते कळतं. फ्रंटएंड एका वेळी एकालाच ट्यून करता येतो. एकाच ट्यूनरवर दोन सॉफ्टवेअर चालवायचा हट्ट सोडा.

खरी परीक्षा सॉफ्टवेअर बंद करून घ्या. 'डीव्हीबी-टूल्स' पॅकेजमधलं 'डीव्हीबी-एफई-टूल' ट्यूनर कोणती प्रसारणपद्धत घेतो ते सांगतं. फक्त डीव्हीबी-टी (अँटेनावरून येणारं डिजिटल प्रसारण) घेणाऱ्या ट्यूनरवर डीव्हीबी-टी२ या पुढच्या पिढीचं प्रसारण कोणत्याही ड्रायव्हरने लागणार नाही. मग 'डीव्हीबीव्ही५-झॅप' ने एक चॅनल लावून 'लॉक' (सिग्नल पकडल्याची खूण) येतो का बघा. लॉक आला, तर ड्रायव्हरला निर्दोष सोडा आणि सॉफ्टवेअरकडे वळा.

दोन ट्यूनर असतील तर रीबूटनंतर त्यांची अदलाबदल होऊ शकते. काल अॅडॅप्टर० असलेला आज अॅडॅप्टर१ होतो, आणि सॅटेलाइटचा चॅनल अँटेनाच्या ट्यूनरवर शोधला जातो. मॉड्यूलच्या 'अॅडॅप्टर_एनआर' या पर्यायाने क्रमांक कायमचे बांधून टाका.

तासन्‌तास नीट चालून अचानक बंद पडणारं सीएक्स२३८८५ चिपचं कार्ड रायझन मशीनमध्ये असेल आणि लॉगमध्ये 'रिस्क ऑप कोड एरर' दिसत असेल, तर कार्ड फेकू नका. त्या मॉड्यूलला 'डीएमए_रीसेट_वर्कअराउंड=२' हा पर्याय द्या.

सिग्नलकडे सर्वात शेवटी बघणं

सॅटेलाइट कार्डावर वीज घेण्यासाठी बहुधा वेगळा सॉकेट असतो आणि तो रिकामाच राहतो. कार्डाला एलएनबीकडे (डिशवरच्या रिसीव्हरकडे) उभ्या पोलरायझेशनसाठी १३ व्होल्ट आणि आडव्यासाठी १८ व्होल्ट पाठवावे लागतात. उभी चॅनल लागतात आणि आडवी एकही नाही, असं झालं तर आधी तिथे वायर खोचा. याउलट ११७०० मेगाहर्ट्झच्या वरचीच सगळी गायब असतील तर एलएनबीची निवड तपासा: युनिव्हर्सल एलएनबीला ९७५० आणि १०६०० या दोन फ्रिक्वेन्सी आणि २२ किलोहर्ट्झचा टोन लागतो.

अँटेनावाल्यांची अडचण उलटीही असते. ट्रान्समीटर जवळ, त्यात वर बूस्टर. मग सिग्नलचा आकडा शंभर टक्के दाखवतो आणि चित्राचे चौकोन पडतात. अशा वेळी सिग्नलचा आकडा सोडून एसएनआर (सिग्नल आणि गोंगाट यांचं प्रमाण) आणि न सुधारलेल्या ब्लॉकांची मोजणी बघा. बूस्टर काढा, तरी फरक नसेल तर १० डेसिबेलचा अॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा) मध्ये लावा. मोजणी वाढायची थांबली तर सिग्नल जास्तच होता. दोन फाट्यांच्या स्प्लिटरने साडेतीन-चार डेसिबेल जातात, त्यामुळे दुसरा ट्यूनर जोडायचाच असेल तर यातलं थोडं काम फुकटात होऊन जातं.