केंद्राचं की राज्याचं? अधिकार ओळखताना या चुका टाळा

लोकलमध्ये मोबाइल चोरीला गेला की माणूस फलाटावर दिसेल त्या खाकी वर्दीकडे धावतो. रेल्वे केंद्राची, म्हणजे तिथले पोलीसही केंद्राचेच, ही पहिली चूक. कोणता विषय केंद्राचा, कोणता राज्याचा हे ठरवणाऱ्या संविधानाच्या सातव्या अनुसूचीत रेल्वे केंद्रसूचीत आहे हे खरं. पण राज्यसूचीतली दुसरी नोंद नीट वाचा: 'पोलीस', आणि त्यात रेल्वे पोलीसही धरलेले आहेत. आरपीएफचा, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचा, जवान केंद्राचा. तो मदत करेल, चोर पकडूनही देईल. चोरीचा गुन्हा दाखल करून तपास करतात ते मात्र लोहमार्ग पोलीस, आणि ते राज्याच्या गृहखात्याचे. तेव्हा स्टेशनवर 'लोहमार्ग पोलीस ठाणे' ही पाटी शोधा.

रस्त्यांचंही तसंच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कितीही मोठा असला तरी तो राज्य रस्ते विकास महामंडळाकडे आहे. मुंबई-गोवा महामार्ग राष्ट्रीय, पण इंदापूरच्या पुढचं काम केंद्राच्या वतीने राज्याचं बांधकाम खातं पाहतं. खड्ड्याची तक्रार करण्याआधी तो टप्पा कोणाकडे आहे ते विचारून घ्या.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो समवर्ती सूचीचा, म्हणजे ज्या विषयांवर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात त्या यादीचा. 'दोघांचे कायदे भिडले की केंद्राचाच चालतो' एवढंच पाठ करून मुलं परीक्षेला बसतात. कलम 254 चा दुसरा खंड मात्र कोणी उघडत नाही. बैलगाडा शर्यत आठवा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध हा विषय समवर्ती, त्यावर केंद्राचा 1960 चा कायदा. त्याच्याच आधारे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये शर्यती थांबवल्या. महाराष्ट्राने 2017 मध्ये आपल्यापुरती त्या कायद्यात दुरुस्ती केली आणि राष्ट्रपतींची संमती मिळवली. 2023 मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. दुसरा खंड हेच सांगतो: राष्ट्रपतींची संमती असेल तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो. मात्र संसद पुढे नवा कायदा करून तो बदलू शकते, हेही लक्षात असू द्या.

जुन्या याद्या घोकू नका. शिक्षण आणि वने राज्याकडे असल्याचं अजूनही काही जण लिहितात. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने हे विषय समवर्ती सूचीत गेले.

आणि पेट्रोल. दर वाढला की एकाच सरकारला दोष दिला जातो. त्यावर उत्पादन शुल्क केंद्राचं, मूल्यवर्धित कर राज्याचा, दोन्ही तपासा. 'मग जीएसटीत का आणत नाहीत?' असं विचारताना जीएसटी परिषदेतलं, म्हणजे केंद्र आणि राज्यांच्या एकत्र मंडळातलं, मतांचं गणित बघा. केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, आणि ठरावाला लागतात तीन चतुर्थांश. केंद्र एकटं तो ठराव मंजूर करू शकत नाही, आणि सगळी राज्यं एक झाली तरी केंद्राशिवाय तो होत नाही.