स्पर्धेनंतरचे दोन महिने : शरीरसौष्ठवपटूंनो, या चुका टाळा

मार्च-एप्रिलमध्ये स्टेजवरून उतरलेला कोकणातला स्पर्धक घरी पोहोचतो, तेव्हा हापूसच्या पेट्या आलेल्या असतात, आणि तीन-चार महिने मोजूनमापून जेवलेला तो मुलगा त्याच रात्री भान सोडून जेवतो. ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक होय. मात्र तिला हावरटपणा म्हणणे अन्यायाचे आहे. चरबी फार घटली की तृप्तीची जाणीव देणारे लेप्टिन हे संप्रेरक (हार्मोन) कमी होते, भूक चाळवणारे घ्रेलिन हे संप्रेरक वाढते, आणि चषक हाती आला म्हणून ते पूर्ववत होत नाही. अमेरिकेत मिनेसोटा येथे १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी पुरुषांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवण्यात आले. पुढे बंधने उठल्यावर त्यांतील काहींची भूक पोट तुडुंब भरूनही शमत नव्हती. म्हणून पुढील आहार स्पर्धेपूर्वीच, डोके शांत असताना, लिहून ठेवावा : उकड्या तांदळाचा भात, बांगडा, अंडी, कुळथाची पिठी, आणि आंबाही, पण ठरवून.

याच्या उलट चूक म्हणजे स्टेजवरचे वजन टिकवण्याचा हट्ट. दोन महिन्यांत ७० किलोचे ७५ किलो झाले, तर शरीर सावरत आहे असे समजावे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी घोटे सुजले की अनेक जण घाबरतात. शेवटच्या आठवड्यात मीठ-पाणी तोडलेले असते. त्यानंतर अचानक भात, लोणचे आणि खारवलेली सुकी मासळी पोटात गेली की मिठामुळे अंगात पाणी साठते, शिवाय स्नायूंत साठणारे प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन (साखरेचा साठा) सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. अशा वेळी पुन्हा पाणी तोडू नये आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या तर मुळीच घेऊ नयेत, कारण पोटॅशियमचे प्रमाण बिघडून हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. मीठ कमी करावे, पाणी नेहमीसारखे प्यावे. धाप लागली किंवा सूज वाढत गेली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

ताकद परतल्यासारखी वाटताच जुनी वजने उचलू नयेत. स्नायूंच्या मानाने त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा सावकाश सावरतात.

झोप उडणे, कामेच्छा मंदावणे, चिडचीड या गोष्टी मुलगे लाजेने लपवतात, याचे मला फार वाईट वाटते. कडक आहाराने टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घटते आणि पूर्ववत होण्यास काही महिनेही लागतात. त्रास रेंगाळल्यास सकाळी रक्ततपासणी करून डॉक्टरांना दाखवावे. व्यायामशाळेतल्या मित्राने दिलेले इंजेक्शन घेऊ नये.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे त्या काळात लागणारी अंडी, कडधान्ये आणि चिकन यांचा हिशेब मे महिन्यातच करावा.